सावडीला नाय म्हणत नाहीत

प्रिय दामिनी,

शहापूरहून लिहितोय. फोन केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि मीही तुझं ऐकून लगेच हो म्हणून टाकतो. मुरबाडहून सकाळच्याच जीपनं निघालो होतो, शेठकडं वेळेआधी पोचायचं म्हणून. मधे किन्हवलीला कबड्डीचे सामने चालले होते, तिथं उतरलो. एका पोरानं काय पकड केली गो, समोरच्याची मान मोडायची राहिली. असो. पोचलो, उशिरा का होईना. तू कपाळाला हात लावला असशील.

आपल्या धंद्यात पैसे घालतो का बघायला गेलो तो हा शेठ, माणूस वाईट नाही. खुर्ची दिली, चहा दिला. तू पढवलेलं सगळं बोललो. लावणी-कापणीला माणसं मिळत नाहीत, म्हणून आपण जुनी सावड फोनवर आणली. आज ही तिच्या शेतात, उद्या ती हिच्या. मजुरी नाही, दिवसाची फेड दिवसानं. कोणाचा दिवस कोणाकडं राहिलाय ते आपण सांभाळतो, आणि आदल्या संध्याकाळी तुझ्या आवाजातला निरोप जातो. शेठ जांभया देत होता. म्हणाला, "आयडिया रोज येतात रे. मी बघतो दुखणं किती लोकांचं आहे, त्यावर पैसे कोण मोजणार, आणि एका गावात चाललं ते शंभर गावांत चालेल का. तुमच्यात पैसाच फिरत नाय. मला काय देणार, तांदूळ?" शेजारचा माणूस हसला. मीही हसलो, काय करणार.

मग त्यानं सहज विचारलं, बायका दांड्या किती मारतात? मला वाटलं, इथं आपण जिंकलो. छाती काढून सांगितलं, "सावडीला नाय म्हणत नाय कोणी, शेठ. तिनं माझ्या शेतात दिवस दिलाय, मग मी घरी कशी राहू? आमची पारूआत्या तर अंगात ताप घेऊन कापणीला उभी राहिली." त्यानं कप खाली ठेवला. जांभया थांबल्या. किती गावं, किती बायका, कोणाच्या हाकेवर येतात, परत परत विचारायला लागला.

त्याला हायवेवरच्या गोदामांना माणसं पुरवायची आहेत. त्याला माणसं मिळतात, पण टिकत नाहीत. म्हणाला, "न चुकणारी माणसं, हीच तुमची आयडिया. सावड मोडू नका. निरोप मुलीच्याच आवाजात जाऊ दे. फक्त गोदामातला दिवसही सावडीतच धरा." मजुरी देणार म्हणे, जरा कमी. नाय म्हणायची सवयच नसलेल्या बायका त्याला शंभर गावांत दिसायला लागल्या होत्या.

मुरबाडला ऑफिस, तुला पगार, सगळं त्याला कबूल होतं. तुझ्या बाबांनी शिमग्यापर्यंत थांबायचं मान्य केलंय, धंदा उभा राहिला नाही तर ते उल्हासनगरचं स्थळ, हे काय मला माहीत नाही? त्याच्यासमोर बसून तेच डोक्यात होतं. माझं काय, मी आज इथं, उद्या कुणाच्या तरी ट्रकवर. कोल्हापूर बघायचं राहिलंय अजून. बघ, परत भरकटलो.

हे पत्र एवढ्यासाठी, की सोमवारी शेठ वैशाखऱ्याला तुमच्या घरी येणार होता, तो येत नाही. मी नको म्हणून आलो, तुला न विचारता. अंगण सारवून वाट बघत बसू नकोस. निघताना तो म्हणाला, मुलीचा फोन आला तर मी अजून तयार आहे. म्हणून त्याचा नंबर पाठीमागं लिहिलाय. लपवावासा वाटला, पण नाही लपवला. शिमग्यानंतर जे होईल ते तुझं होणार आहे, माझं नाही. लावावासा वाटला तर लाव फोन, मी रागावणार नाही. फक्त एवढं लक्षात ठेव गो, बायका त्याच्या नावानं गोदामात जाणार नाहीत. तुझ्या आवाजानं जातील.

तुझाच,
संदेश