आंबा वाचला

मुलुंड, २२ नोव्हेंबर १९८६

प्रिय नंदा,

जय भीम. तुझं पत्र पोचलं. आईचे गुडघे थंडीने धरलेत, बाकी घरी ठीक.

बातमी अशी की रस्तारुंदीची आखणी बदलली आणि आपल्या वसाहतीपुढचा आंबा वाचला. गेल्या रविवारी त्याच्याचखाली विजयसभा झाली. आमदार आले, मला शाल मिळाली. पेपरात चार ओळी आल्या, त्यात माझं नाव चुकलंय.

तू लिहिलंयस तसं तुझ्या सरांना झाड दाखवायला घेऊन नाशिकहून येऊ नकोस. इथे धूळ फार आहे आणि सरांचं वय झालंय.

धुळीचं कारण तुला पटणार नाही. मलाही लिहिताना पटलं नाही.

तू बजावलं होतंस, "दादा, झाडासाठी बोलू नकोस. झाडावर जे आहे त्याच्यासाठी बोल." खोडावरचे ते राखी-हिरवे पापुद्रे, मसाल्यातल्या दगडफुलाचं भावंड. मूळ नाही, हवेतलंच पाणी पिऊन जगतं, आणि धूर आला की पहिल्यांदा तेच मरतं. ठाण्यापासून घाटकोपरपर्यंत तू वणवण केलीस, तेव्हा या एकाच खोडावर ते जिवंत सापडलं. मी हसलो. "अगं, पापुद्र्यासाठी कोण रस्त्यावर येईल? लोकांना सावली कळते, कैऱ्या कळतात."

"तुला टाळ्या कळतात," तू म्हणालीस. त्यावर मी जे बोललो ते पुन्हा कागदावर आणत नाही. महिन्याभरात तू नाशिकची नोकरी धरलीस.

मग मी नाक्यानाक्यावर गरजलो, "कुऱ्हाड आधी माझ्या मानेवर पडेल!" बायका रडल्या, पोरं खोडाला मिठ्या मारून बसली. पापुद्र्यांचं नाव एकाही भाषणात नाही.

लोकांनी झाडाला खरंच जीव लावला गं. म्हणूनच सभेच्या आदल्या दिवशी कुंदावहिनी काथ्या घेऊन आल्या. "झाडाला खरूज झालीय भावजी, उद्या साहेब येणार, बरं दिसतं का?" चार जणींनी खोड घासघासून उघडं केलं. मागोमाग काशीराम गेरूची बादली घेऊन आला. खाली गेरू, वर चुन्याचा पट्टा, सरकारी बंगल्यातल्या झाडांना असतो तसा. "दादा, बघा ना! नवरी सजवलीय नवरी!"

मी तिथेच होतो. पहिला काथ्या फिरला तेव्हापासून. "थांबा, वाचवायचंय ते हेच," एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण मग लोकांनी विचारलं असतं, इतके दिवस तुम्ही काय सांगत होतात? मी म्हणालो, "झकास!" आणि भाषणाचे कागद चाळायला लागलो.

रात्रंदिवस ग्रंथ वाचणारा, सत्तेला भर चौकात जाब विचारणारा माणूस काथ्यापुढे मुका झाला. वाटतं, तू असतीस तर काशीरामच्या हातून बादली हिसकावली असतीस. नंतर आठवतं, तुला इथून घालवलं कोणी.

परवा आईने मसाल्यासाठी दगडफूल भाजायला घेतलं. त्या वासाने मी घराबाहेर पडलो. बाहेर तो आंबा. लालभडक, स्वच्छ. वसाहतीपुढे ठराव आलाय, दरवर्षी असाच गेरू लावायचा. सूचक काशीराम, आणि अनुमोदन मागायला तो माझ्याकडे आला होता. मी अजून सही केलेली नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

तेव्हा ये. सरांनाही आण. सगळ्यांच्या देखत मला विचार, दादा, पापुद्रे कुठे गेले? तू विचारलंस तर मला सांगावंच लागेल. आपणहून बोलायची छाती मला नाही, हे या मुलुंडात एकट्या तुलाच ठाऊक होतं.

आईचा आशीर्वाद. माझा पाठवायची लाज वाटते.

शाल मिळालेला,
भीमराज