ओर्नेलाची पहिली बॅग

लीड्स,
रविवार, १५ मार्च

प्रिय नील,

मराठीतलं एवढं लांबलचक पत्र बघून तू कपाळाला हात लावशील. तुला वाचायला वेळ लागेल, लागू दे. अकराव्या वर्षी तुला इथे आणलं तेव्हा बाबा दर रविवारी तुझ्याकडून शुद्धलेखन करून घ्यायचे आणि तू रडायचास, ते आज कामाला येईल. आधी इंग्रजीतच लिहायला बसले होते. पण दोन वाक्यांत ते हॉस्पिटलने तक्रारीला दिलेल्या उत्तरासारखं दिसायला लागलं. सगळीकडे सॉरी आणि चूक कुणाची ते कुठेच नाही. फाडून टाकलं.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढते. आजच्या मदर्स डेची तुझी फुलं काल पोचली. भलेमोठे लाल गुलाब, आणि वास औषधालाही नाही. इतकी वर्षं येणारी ती बारीक, सुवासिक फुलं तू नाही, ओर्नेला निवडायची, हे मला काल कळलं. फुलदाणी घेऊन मी ओट्यापाशी उभी राहिले आणि रडले. तुझ्या गुलाबांवर राग नाही रे. ती गेली त्याला चार महिने झाले आणि ती काय काय करत होती हे अजून कळतंच आहे.

तू तिला पहिल्यांदा घरी आणणार होतास तेव्हा मी किती धसका घेतला होता! इटलीतल्या एवढ्या नावाजलेल्या घराण्यातली मुलगी, ज्यांच्या बॅगा राण्या वापरतात, ती आपल्याकडे वरणभात काय खाणार! तिने दोनदा मागून खाल्ला. मग स्वयंपाकघरात बसून तिने मला सांगितलं, की सहाव्या वर्षी ती आजोबांच्या कारखान्यात डोळे मिटून नुसत्या बोटांनी सांगायची, हे वासराचं चामडं, हे बकरीचं. पण त्यांच्याकडे चामडं कापायचं ते मुलांनी. मुलींनी बॅग हातात धरून फोटोला उभं राहायचं. म्हणून ती भांडून लंडनला शिकायला आली होती. मला ती तिथेच आवडली. आमच्याकडे भावाला डॉक्टर केलं आणि मला लॅबचा कोर्स, त्यामुळे मला जास्त समजावून सांगावं लागलं नाही.

त्याच दिवशी तिला खुंटीवरचा माझ्या आईचा बटवा दिसला. दोन्ही बाजूंनी दोरी ओढली की मिटतो, तोंडाशी बोटं घातली की उघडतो. वीसेक वेळा तिने तो उघडमिट केला. तुमचं लग्न झालं आणि पहिल्या संक्रांतीला, जानेवारी २००७ मध्ये, ती माझ्यासाठी बॅग घेऊन आली. तो बटवाच होता, पण चामड्याचा, चिंचेच्या रंगाचा, खांद्याला अडकवायचा. एकेक टाका हाताने घातलेला. आतल्या छोट्या कप्प्यात माझं नाव, लीड्स आणि तारीख चामड्यात दाबून उमटवलेली. मला म्हणाली, आई, प्लास्टिकमध्ये ठेवायची नाही. रोज वापरायची. चामड्याला हात लागला पाहिजे, नाहीतर ते मरतं.

आणि मी काय केलं? आपण बायका करतो तेच. चांगली वस्तू चांगल्या प्रसंगाला! दुकानाच्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली, वर गाठ मारली, डांबराच्या चार गोळ्या टाकल्या आणि कपाटाच्या वरच्या खणात शालूंच्या मागे ठेवली. चांगले प्रसंग आले की. तुमच्या तनिषाचं बारसं, मामाच्या कुशचं लग्न, बाबांची साठीशांत. दरवेळी वाटलं, हळदीचा डाग पडेल, कुणीतरी खुर्चीखाली ठेवेल. दरवेळी मी जुनी कापडी पिशवीच घेऊन गेले. ओर्नेला फोनवर विचारायची, "आई, वापरता ना?" मी म्हणायचे, "हो तर!"

२००९ मध्ये तिच्या काकांनी तिला परत बोलावलं. ज्या घरात तिला कात्री धरू देत नव्हते, तिथे ती सगळ्या बॅगा ठरवायला लागली. दर आठवड्याला विमानाने जायची, दमून यायची, पण चेहरा कसा फुललेला असायचा. दोन वर्षांनी माझी बॅग त्यांच्या काचेच्या दुकानांमधून दिसायला लागली. लीड्सच्या स्टेशनवर एका बाईच्या खांद्याला ती पाहिली तेव्हा मी मनात म्हटलं, बाई गं, हिची थोरली बहीण माझ्या कपाटात आहे. शेजारच्या वैजयंतीला मी हे इतक्यांदा सांगितलं की ती विषय बदलायला लागली.

२०१६ मध्ये तिने काकांना सोडलं आणि काका म्हणाले, ती बॅग आजोबांच्या जुन्या चित्रावरून काढलेली आहे, ओर्नेलाची नाहीच. पुढचं तुला माहीत आहे. निदान तुला वाटतं की माहीत आहे. वकील म्हणाले, काकांकडे जाण्याच्या आधी ती बॅग होती असं दाखवा. एखादा फोटो? एकही निघाला नाही. कसा निघणार? मी ती एकदाही खांद्याला लावली नव्हती.

तेव्हा तिने मला फोन केला. म्हणाली, आई, आतल्या कप्प्यात तारीख आहे, तेवढं पुरे. मी उद्या ट्रेनने येते. मी तिला थांब म्हटलं, रिसीव्हर बाजूला ठेवला आणि स्टुलावर चढून पिशवी काढली. नील, गाठ सोडली. चामड्यावर पांढरी-हिरवी बुरशी. कडांना भेगा. डांबराचा उग्र वास. दोरी ओढून बघितली तर ती माझ्या हातातच तुटली. कप्प्यातली अक्षरं मात्र स्वच्छ होती. सुप्रभा, लीड्स, जानेवारी २००७. मी ती वाचली. आणि ती वाचूनही फोन उचलून म्हणाले, की बॅग वर्षापूर्वी ट्रेनमध्ये चोरीला गेली, तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते.

माझा एकेक "हो तर" तिला कळला असता, म्हणून. सुनेसमोर लाज वाटली, म्हणून. दुसरं काही कारण नाही. मी शोधून पाहिलं. उलट तिनेच माझी समजूत घातली, की आई, रडू नका, वस्तूच आहे.

उद्या सांगू, असं मी ठरवलं. मग वाटलं, घरचीच माणसं आहेत, आपल्याच पोरीचं किती वाईट करतील? त्यांनी केलं. बॅग त्यांची झाली आणि स्वतःचं आडनाव कशावरही घालायचं नाही असं तिच्याकडून लिहून घेतलं. त्यानंतर तिने दुसऱ्यांसाठी चष्म्यांची घरं काढली, कुत्र्यांचे पट्टे काढले, बिननावाने. आठवड्यातून दोन दिवस कॉलेजात शिकवलं. तू म्हणायचास, ती शांत झालीय. ती शांत नव्हती झाली रे.

ऑक्टोबरमध्ये तिच्या आजारपणात मी रीडिंगला तुमच्याकडे होते. एका दुपारी मी तिच्या बोटांना तेल लावत होते. ती डोळे मिटूनच म्हणाली, "आई, त्या चोराने तरी वापरली असेल ना?" तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि म्हणाले, "वापरत असेल गं, रोज वापरत असेल." ती हसली. पंधरवड्याने गेली.

आज दुपारी तनिषाचा फोन आला. आईशिवायचा तिचा हा पहिला मदर्स डे. शुक्रवारी ती लंडनला तिच्या आईच्या काकांचं प्रदर्शन बघून आली. मधोमध ती बॅग, खाली आजोबांचं नाव. काकांनी तिला स्वतः फिरवून दाखवलं, फार गोड वागले म्हणे. आणि मग मला विचारते, "आजी, ट्रू सांग. मम्मीनी तो बॅग खरंच आधी केला होता? का मम्मी लाय करायची?" मी म्हटलं, बाबाला लिहिते. पोरीच्या मनात आईबद्दल हे आलं, आणि ते माझ्यामुळे आलं. या पत्राबरोबरच्या पार्सलमध्ये ती बॅग आहे. माझ्या जुन्या सुती साडीत गुंडाळली आहे, प्लास्टिक नाही. बुरशी पुसलेली नाही. तनिषाला आधी आतला कप्पा उघडायला सांग. मग हे पत्र तिला इंग्रजीत वाचून दाखव, एकही वाक्य न गाळता, मला सांभाळून न घेता. नंतर वकिलांना, प्रदर्शनवाल्यांना, ज्यांना दाखवायची त्यांना दाखवा. मी कुठेही येऊन सांगेन. त्यानंतर तुम्हा दोघांना माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर मी वाट बघेन, पण फोन करणार नाही. आणि सगळं झालं, की नवी दोरी घालून ती बॅग तनिषाला दे. तिला म्हणावं, रोज वापर. पावसात ने, बसमध्ये ने, डाग पडू दे. कपाटात ठेवू नकोस.

तुझीच,
आई