पाव्हणं, पाकीट तुमच्या नावानं येईल

बारामती,
४ मार्च १९९९

सणसरचे थोरले मेहुणे दादासो पाव्हणं यांना महिपतीचा रामराम. आबांचा गुडघा, तुमची व्यालेली म्हैस आणि बाळंतपणाला आलेली आमची म्हाळसा, तिघांचंही बरं असावं (म्हाळसा शेवटी आली म्हणून रागावू नका, तिचं नाव लिहायला जरा वेळ लागला). इकडं ट्रक चालू आहे, म्हणून पोट चालू आहे.

पत्र लिहिण्याचं कारण, तुमच्या नावाचं एक खाकी पाकीट येईल. आत फक्त 'भेटायला या' एवढंच असतं, पण ते वहिनींच्या हाती लागू देऊ नका. तुम्ही काही केलेलं नाही. झालं असं, की इंदापूरच्या अलीकडं आम्ही गाड्या लावतो त्या ढाब्यावर मागच्या महिन्यात एका संस्थेची माणसं एड्सची रक्ततपासणी करायला आली. सोबत चहा-बिस्किटं फुकट. (आम्ही रांग बिस्किटांसाठी लावली. नुसत्या सुईसाठी कोण उभं राहतंय?) आमच्यापुढं ढाब्यामागच्या खोल्यांतल्या बायका होत्या. त्यांतल्या झुंबरनं स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, सगळं खणखणीत सांगितलं आणि हात पुढं केला. आम्ही अब्रूदार माणसं मागं उभी राहून फिदीफिदी हसत होतो. तेवढ्यात भिमा ड्रायव्हर माझ्या कानाशी लागला, "खरं नाव सांगतुयास व्हय? सोयरिकी मोडत्याल की लेका!" झालं. सतरा ड्रायव्हर, एकाचंही नाव खरं नाही, आणि त्यातल्या नऊ जणांनी आपापल्या मेहुण्याचं दिलं. (थट्टा करायची म्हटली की जिभेवर आधी मेहुणाच येतो.) मीही तुमचं दिलं. वर पत्ताही दिला, म्हणजे बघा किती हुशार.

नावं लिहून घेणाऱ्या कांबळेबाई त्याआधी वर्षभर ढाब्यावर निरोधची पाकिटं वाटत होत्या. "दादा, वापरत जावा. न्हाय वापरलं तर घरच्या बाईला भोगावं लागतंय," म्हणायच्या. मी एक वापरलं. डिझेलचा पाइप गळत होता, त्याला गुंडाळलं. पाइपाला अजून काही झालेलं नाही. बाईंचा तेव्हा राग यायचा, भिमाचा आता येतो, आणि स्वतःचा इतका येतो की आरशात बघून दाढीसुद्धा करत नाही. म्हशीचा खरवस आमच्या वाटणीचा ठेवू नका.

तुमचा,
महिपती

ता. क. : पाकिटाची वाट बघू नका. मी कालच बाईंना गाठलं. त्यांनी रक्त दोनदा तपासून घेतलंय. तुमच्या नावापुढं लिहिलेला रोग माझा आहे.

ता. क. दुसरा : म्हाळसाला आठवा सरत आला. बाई म्हणतात, बाळंत होण्याआधी तिचं रक्त तपासलं तर बाळासाठी पुण्यात काहीतरी करता येईल. तिला लगेच न्या. कारण सांगू नका, अंगात रक्त कमी आहे म्हणा.

ता. क. शेवटचा : कारण सांगू नका असं वर लिहिलंय, ते भित्रेपणानं लिहिलंय. सांगायचं मलाच आहे. रविवारी पहिल्या एस.टी.नं येतो. घरात घेऊ नका, चालेल. तिला तेवढं ओट्यावर आणून बसवा, आणि माझं बोलून होईपर्यंत मला मारू नका.