मी ब्रिटिश नाही, न्यूझीलंड आहे

१ जून, रविवार
आज मैत्रेयीने भर सभेत मला ब्रिटिश म्हटलं, म्हणून लिहायला बसले. जे. पी. नगर शाखेतली ही, पुण्याहून इकडे कानडी मुलखात येऊन हिला जेमतेम दोन वर्षं. म्हणे, आमच्या चामराजपेट मराठी मंडळाची जे. पी. नगर शाखा आता स्वतंत्र हवी, गणपती त्यांचा ते बसवतील. मी अध्यक्ष असताना?

२ जून
बी. ए.ला राज्यशास्त्र होतं, अजूनही वाचते. टोकेलाऊ बेटं न्यूझीलंडच्या ताब्यात. तरी संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतमुक्ती समितीला न्यूझीलंड मनापासून सहकार्य करतं. पाहणी पथक बोलावतं. दोनदा सार्वमत घेतलं, दोन्ही वेळा स्वशासनाला लागणारी दोन-तृतीयांश मतं पडली नाहीत. सहकार्य पूर्ण, बेटं जागच्या जागी. असंच करायचं.

८ जून
वसाहतमुक्ती समिती नेमली. माझी वहिनी नीरजा आणि भाचा प्रणीत. निःपक्षपाती माणसं हल्ली मिळतात कुठे.

१५ जून
समितीची जे. पी. नगरला पाहणी. जेवण माझ्याकडे. बिशीबेळेभात जरा जास्त झाला, नीरजा सोफ्यावरच झोपली. शाखा पाहायची राहिली. प्रणीत कुरकुरला, अक्का, तिथलं कोणी भेटलंच नाही. म्हटलं, मी कुठे राहते? जे. पी. नगरलाच ना? मला विचार.
त्याने आणखी भात वाढून घेतला.

२२ जून
सार्वमत बुधवारी सकाळी अकराला, चामराजपेटला. शाखेचे सगळे आयटीवाले तेव्हा ऑफिसात. त्याला माझा इलाज नाही.

२५ जून, बुधवार
शाखेचं कोणी आलं नाही. ठरल्याप्रमाणे.
चामराजपेटचे सगळे हात मात्र स्वातंत्र्याच्या बाजूने वर. नीरजाचे दोन्ही. कारण विचारलं. सेक्रेटरी हयवदनअण्णा शांतपणे म्हणाले, शाखा सुटली की जे. पी. नगरचे सभासद तिकडे. तुम्हीसुद्धा, अक्का. जो जिथे राहतो तिथलाच सभासद, नियम तुम्हीच केलात. सरी ना, बरोबर ना?
केला होता. शाखेवाल्यांनी इथे लुडबुड करू नये म्हणून.
मागून कोणीतरी टाळी वाजवली. कोणी ते कळेलच.

२९ जून
मैत्रेयी गाडी घेऊन आली. मी तिला समजावलं, नव्या मंडळाला अनुभवी अध्यक्ष लागतो. ती म्हणाली, काकू, आधी मेंबर तर व्हा, फॉर्म ऑनलाइन आहे.
हयवदनअण्णांनी हस्तांतराचा कागद वाचून दाखवला. जे. पी. नगर मंडळाकडे सुपूर्द: मोठी पातेली दोन, समई एक, माजी अध्यक्ष एक.
मैत्रेयीने पातेल्यांना पोचे नाहीत ना ते उलटसुलट करून पाहिलं. मग सही केली.