तुझ्या मापाचा क्लच

मयूर विहार फेज तीन, दिल्ली
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय चेतनाताई,

माझ्या अक्षरातलं पाकीट बघून तू आधी हसशील आणि मग घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते: आई बरी आहे, मी बरी आहे. थंडी ओसरत आलीय. निवडणूक संपली, काल निकालही लागला, त्यामुळे गल्लीतले भोंगे एकदाचे बंद झाले. आईने गाजराचा हलवा केला होता, तुझ्या वाटचा मीच खाल्ला. संस्थेत मला त्रिलोकपुरीच्या मुलींचा नवा वर्ग दिलाय. त्यांना मी रोज सांगते की मुलीने कुणावर अवलंबून राहू नये. त्या वहीत उतरवून घेतात.

आज दुपारी तुझा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आई तुला म्हणाली, "बाबा खाली आहेत, गाडी पुसतायत." तू नेहमीसारखं "अच्छा" म्हणालीस आणि तू नाशिकला चालवतेस त्या शाळेच्या व्हॅनमधल्या मुलांच्या गमती सांगायला लागलीस. चार वर्षं हे असंच चाललंय. तू विचारत नाहीस, आई न विचारता सांगते, तू विषय बदलतेस.

ताई, बाबा खाली नव्हते. कुठे होते ते सांगते, पण आधी गाडीचं सांगू दे.

या महिन्याच्या सव्वीस तारखेला आपल्या गाडीला पंधरा वर्षं होतायत. त्यानंतर पेट्रोलची गाडी दिल्लीत चालवता येत नाही. एक तर भंगारात द्यायची, नाही तर एनओसी काढून दुसऱ्या राज्यात पाठवायची. एनओसी मी काढलीय. फॉर्म मीच भरला, रांगेत मीच उभी राहिले, एजंटला जवळही येऊ दिलं नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आमच्या ग्रॅज्युएट मॅडम!"

तो ठोकळा आठवतो? तू विसरली नसणारच. कोंडलीच्या मोकळ्या मैदानात बाबा तुला गाडी शिकवत होते आणि मी मागे बसून शेंगदाणे खात होते. तुझ्या पाठीला दोन उशा होत्या, सीट पुढे ओढून ओढून तुझं नाक काचेला लागत होतं, तरी क्लच पूर्ण दाबला जाईना. पाय सटकायचा, गाडी बेडकासारखी उडी मारायची आणि बंद पडायची. बाबा म्हणाले, "तुझे पाय आईवर गेलेत, त्याला मी काय करू?" तू रडवेली झालीस. मग त्यांनी पूर्ण रविवार गाडीखाली आणि गाडीत घालवला. डोकं पेडलपाशी, पाय दाराबाहेर. बॉनेटखालचा क्लचच्या केबलचा नट पिळून त्यांनी क्लच वरच्या वर सुटेल असा केला आणि पेडलच्या मागे, जमिनीवर, फर्निचरवाल्याकडून आणलेला शिसवीचा ठोकळा बसवला. त्यावर जुन्या टायरचं रबर. "आता पेडल अर्ध्यातच टेकेल," म्हणाले. "काम तेवढ्यातच होतं. उरलेलं अर्धं लांब पायवाल्यांसाठी." तू बसलीस, दाबलंस, गाडी सुटली. मैदानाला तीन चकरा मारल्यास तू, आणि बाबा मध्ये उभे राहून कमरेवर हात ठेवून हसत होते. त्यांना तसं हसताना मी नंतर फक्त माझ्या निकालाच्या दिवशी पाहिलं.

त्यांनी हे सगळं हौस म्हणून केलं होतं. तू गाडी चालवण्याचंच काम करशील असं त्यांच्या मनातही नव्हतं. तू कॉलेज सोडून टॅक्सीचा युनिफॉर्म घालून दारात उभी राहिलीस, तेव्हाचं मला शब्द न् शब्द आठवतं.

"गेस्ट हाऊसमध्ये तीस वर्षं मी साहेबलोकांसाठी गाडीचं दार उघडलं. माझ्या मुली मागच्या सीटवर बसतील म्हणून उघडलं. तू पण दारच उघडणार?"

"मग शिकवलंत कशाला?"

"या घरात एक ड्रायव्हर झाला तेवढा पुरे."

तू किल्ली फ्रिजवर ठेवलीस आणि म्हणालीस, "बाबांनी स्वतःच्या तोंडाने बोलावलं तरच येईन." मी तेव्हा सेकंड इयरला होते. आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते. मला मागच्या सीटवर बसायचं होतं, म्हणून मी गप्प बसले.

आता जे आईने तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. बाबांनी तो ठोकळा काढला नाही.

विचार कर ना, पावणेसहा फुटाचा माणूस. क्लच इतका वर सुटायचा की पाय उचलताना दर वेळी गुडघा स्टिअरिंगला लागायचा. केबल ताणलेली असल्यामुळे क्लच प्लेट दोनदा जळाली. ज्या माणसाने सरकारी गाडीची प्लेट कधी वेळेआधी बदलायला लावली नाही, त्याची! कोंडलीचे मिस्त्री वैतागून म्हणायचे, "भालचंद्रजी, ये लकडी का गुटका निकाल दो यार, गाडी आपकी, टाँगें आपकी, क्लच किसी और का!" बाबा म्हणायचे, "अगली बार." मी एकदा विचारलं तर मला म्हणाले, "लाकूड चांगलं आहे, कशाला वाया घालवा."

किल्लीसुद्धा रोज फ्रिजवर. तिच्यासाठी दाराजवळ खिळा होता, तरी फ्रिजवरच.

दिवाळीच्या आसपास त्यांचा डावा पाय ओढल्यासारखा व्हायला लागला. चप्पल निसटायची, त्यांना कळायचंही नाही. आपल्याकडे काय करतात ते तुला माहीत आहे. "नस दबलीय," ते म्हणाले. आईने तेल गरम केलं. शेजारच्या भाटियाआंटींनी बाम दिला. मी डॉक्टर डॉक्टर करत होते, तर म्हणाले, "अगं, गाडी चालवतोय ना मी? पाय खरंच गेला असता तर क्लच दाबला गेला असता का?" मला ते पटलं. मी शिकलेली आहे आणि मला ते पटलं.

एकदा पार्किंगमधून वर येताना जिन्यात थांबले, कठडा धरला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चेतनाच्या मापाचा झालो मी आता." इतकंच. चार वर्षांत तुझं नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

संक्रांतीला आम्ही पानिपतला गेलो, काला अंबच्या स्मारकाला. चौदा जानेवारीला कोपर्निकस मार्गावरच्या गेस्ट हाऊसमधून पाहुण्यांच्या गाड्या तिकडे निघायच्या आणि त्यातली एक बाबांची असायची, हे आपण लहानपणापासून बघतोय. या वर्षी म्हणाले, "गाडी चाललीय, तर एकदा आपली माणसं घेऊन जातो." आईने पुऱ्या बांधल्या, तिळगूळ घेतला. धुकं होतं, पण बाबा असे चालवत होते की आई डुलक्या काढत होती.

तिथे पोचलो, तर माणसं किती! कोल्हापूर, सातारा, कुठून कुठून आलेली, घोषणा, फेटे. आणि बाबा फाटकापाशी थांबून सवयीने म्हणाले, "तुम्ही या जाऊन. मी गाडीपाशी आहे."

तेव्हा आम्हाला कळलं की ते आतवर कधी गेलेच नव्हते. इतकी वर्षं लोकांना तिथे नेऊन ते बाहेर गाडी सांभाळत होते. आई म्हणाली, "आज तुम्ही कुणाचे ड्रायव्हर नाही. चला." आईच्या खांद्यावर हात ठेवून ते आत आले. पाय घासत होता. स्तंभासमोर टोपी काढून बराच वेळ उभे राहिले. मग मला विचारलं, "इथून परत गेलेच नाहीत ना बरेचसे? घरी वाट बघत असतील." मी इतिहास सांगायला लागले, तर म्हणाले, "ते नको. घरचं बोलतोय मी."

परत येताना मुरथलच्या अलीकडे गाडी हळू झाली. बाबांनी ती कडेला घेतली, ताई, इंडिकेटर देऊन कडेला घेतली, आणि बंद पडली. त्यांचा पाय क्लचवरून हलेना. मी म्हटलं, "बाबा, काय झालं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड हललं, पण शब्द आला नाही. मग आला तो "चलो."

"कुठे चलो, बाबा?"

"चलो. चलो."

किल्ली लागलेली होती. टाकी अर्धी भरलेली होती. रस्ता समोर होता. आणि गाडीत आई होती आणि मी होते.

मी रस्त्यावर येऊन हात केले. ढाब्यावरून एक हरियाणवी काका धावत आले. आम्ही बाबांना मागे घेतलं, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. काका सीटवर बसले, क्लच दाबला आणि त्यांचा गुडघा स्टिअरिंगवर आपटला. "यो किसके नाप का क्लच है, बेटी?"

मी म्हटलं, "मेरी दीदी के."

सोनीपतच्या इस्पितळापर्यंत ते गुडघा वाकवून शिव्या देत, हॉर्न वाजवत घेऊन गेले. बाबा मागच्या सीटवरून सगळा वेळ गिअरकडे बघत होते.

पक्षाघाताचा झटका होता. आणि दिवाळीतलाही झटकाच होता, छोटा. डॉक्टरांनी विचारलं, "अडीच महिने पाय ओढत होता, तर गाडी कशी चालवत होते? क्लच दाबता येत होता?" मी हो म्हटलं. का येत होता ते मी सांगितलं नाही. आईलाही अजून सांगितलेलं नाही. तुला लिहू की नको म्हणून पत्राचे दोन कागद फाडले. पण तुझ्याशी खोटं बोलून बोलून या घरात आता जागा उरली नाही. तो ठोकळा नसता तर पाय थकलाय हे बाबांना दिवाळीतच कळलं असतं. तू याचा दोष स्वतःला घेशील, मला माहीत आहे. नको घेऊस. तू कधी म्हणाली नव्हतीस ठेवा म्हणून. त्यांनी ठेवला.

आता कुठे असतात ते सांगते. बाहेरच्या खोलीत खिडकीशी पलंग लावलाय. आज तुझा फोन आला तेव्हा ते तिथेच होते, फोनपासून चार हातांवर. तुझा आवाज बाहेर येत होता. आईने "गाडी पुसतायत" म्हटलं आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

बोलणं गेलंय. एकच शब्द राहिलाय, "चलो." चहा हवा, तरी चलो. दुखतंय, तरी चलो. आई चिडून म्हणते, "कुठे चलो सारखं, रिटायर झालात ना!" आणि मग पदर तोंडाला लावून आत जाते. व्यायाम शिकवायला एक बाई येतात, त्या म्हणतात, काही शब्द येतीलही, सांगता येत नाही. काही जणांचा एवढाच राहतो.

म्हणजे तुझी अट आता पुरी होणार नाही, ताई. स्वतःच्या तोंडाने ते तुला बोलावू शकणार नाहीत. हेच सांगायचं होतं. इतकं लिहून इथे पोचले.

शुक्रवारी गाडी बघायला एक माणूस आला होता. त्याला पसंत पडली, फक्त म्हणाला, क्लच नॉर्मल करून द्या. मिस्त्रींना बोलावलं. बाबांचा हट्ट बघून भाटियाअंकलनी आणि मी त्यांना खुर्चीत घालून खाली आणलं होतं. मिस्त्री आत वाकले, ठोकळ्याच्या बोल्टला पाना लागल्याचा आवाज झाला, आणि बाबा उजव्या हाताने खुर्चीवर मारायला लागले. "चलो! चलो! चलो!" तोंडातून लाळ येत होती, डोळे लाल. मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. मी त्या माणसाला परत पाठवलं.

वर आणल्यावर मी बाबांच्या कानाशी वाकून विचारलं, "ताईला बोलावू?"

ते म्हणाले, "चलो."

मी तुला फसवणार नाही. त्याआधी पाणी हवं का विचारलं होतं, तेव्हाही ते हेच म्हणाले होते. त्या एका शब्दाचा मी तुझ्यासाठी निरोप बनवला तर तो माझा निरोप होईल, त्यांचा होणार नाही. खुर्चीवर मारलेला हात मात्र त्यांचा होता. तो मी पाहिला.

एनओसी नाशिकच्या नावाने आहे. गाडी अजून तुझ्या मापाची आहे, नट, ठोकळा, रबर, सगळं तसंच. किल्ली तू ठेवली होतीस तिथेच आहे. सव्वीस तारखेच्या आत ये. घेऊन जायची नसेल तर नेऊ नकोस, पण एकदा कोंडलीच्या मैदानापर्यंत तरी चालव. बाबांना आम्ही मागच्या सीटवर बसवू, तुझ्या त्या दोन उशा लावून.

या वेळी दार मी उघडेन.

तुझी, गाडी चालवता न येणारी,
अबोली