पाच काहून आणि एक न विरघळणारी कॅप्सूल

उरला, रायपूर
बुधवार, जेवणाची सुट्टी

तीर्थरूप गंगाधरमामांस,

भार्गवचा उभ्यानेच नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण मी फॅक्टरीच्या फाटकाबाहेर बसून हे लिहून राहिलो आणि उरल्याच्या या लोखंडी धुळीत आडवा झालेला माणूस उठेपर्यंत शेजारच्या रोलिंग मिलवाले आपला माल समजून उचलून नेतात.) तुमचा गुडघा, अपर्णामामींचं बीपी आणि तुम्हा दोघांतलं रिमोटवरचं युद्ध, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे आई बरी आहे. बाबाही बरे आहेत असं आईकडून कळतं, कारण ते माझ्याशी बोलत नाहीत.

पत्राला कारण तुमच्या सहा डब्या. दुसरं काही कारण नाही. तुम्ही फोनवर म्हणालात की पोट्टा तारुण्याच्या कॅप्सूलच्या फॅक्टरीत लागला अन् सख्ख्या मामाला एक डबी नाही, पन्नाशीनंतर माणसाने स्वतःकडे पाहावं का नाही? (मामा, तुम्ही बासष्टचे आहात.) रागावू नका. त्या कशा बनतात ते आधी वाचा, मग मागा.

आमच्याकडे सकाळी ड्रम उघडतात. एकात आवळ्याचा अर्क, एकात द्राक्षाच्या बियांचा, एकात हळदीचा, आणि एकात कोलॅजेन नावाची पांढरी पूड, जी माशांच्या कातडीपासून काढतात. वरचं कवच जिलेटिनचं, ते जनावरांच्या हाडांपासून. (मागच्या वर्षी तुम्ही दोन डब्या संपवल्या, आणि गुरुवारी उपासाने अशक्तपणा येतो म्हणून एक जास्तीची घ्यायचे, असं मामी सांगत होत्या. डबीच्या मागे मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण असतो, तो चष्मा लावून पाहायचा असतो. जाऊ द्या, झालं ते झालं.) हे सगळं चाळायचं, तोलायचं, आणि तरी कॅप्सूल भरत नाही म्हणून त्यात मक्यापासून केलेली एक पूड मिसळायची. तिचं काम फक्त जागा भरणं, मुलगी पाहायला जाताना सोबत नेलेल्या काकांसारखं: बसायचं, बोलायचं नाही. मग सगळं ब्लेंडरमध्ये. ब्लेंडर म्हणजे मामींचा मिक्सर नव्हे. दोन माणसं आत मावतील एवढा स्टीलचा पिंप, जो दिवसभर कोलांट्या मारतो. सर्वांत शेवटी मॅग्नेशियम स्टिअरेट नावाची एक गुळगुळीत पूड घालतात, माल मशीनला चिकटू नये म्हणून. ती घातली की पाचच मिनिटं फिरवायचं. पाच म्हणजे पाच. जास्त फिरलं की कणाकणाला मेण चोपडल्यासारखं होतं आणि आत पाणी शिरत नाही. ही पाच मिनिटं ध्यानात ठेवा, माझं वाटोळं तिथेच झालं.

ब्लेंडरच्या खोलीला काचेची खिडकी आहे. खिडकीपलीकडे तपासणीची लॅब, आणि लॅबमध्ये ईरा. इथल्याच तात्यापारा मोहल्ल्याची. घराणं भोसल्यांच्या वेळेस नागपुरातून इकडे आलं. मराठी सगळं कळते, उत्तर हिंदीत येते. आमच्याकडे आत शिरताना टोपी, मास्क, झगा असा बंदोबस्त असतो, त्यामुळे माणसाचे फक्त डोळे उरतात. तीन महिने मी त्या डोळ्यांसाठीच झुरून राहिलो होतो. मग एक दिवस कँटीनमध्ये एक पोट्टी डबा उघडून बसली होती, जागा नव्हती म्हणून मी तिला विचारलं, "दीदी, यहाँ कोई बैठा है क्या?" तिने वर पाहिलं. तेच डोळे! मामा, जिच्यापायी जीव द्यायला निघालो तिला मी माझ्याच तोंडाने दीदी म्हणालो. "बैठिए ना, भैया," ती म्हणाली. तेव्हापासून मी भैयाच आहे, आणि दर वेळी भैया म्हणताना तिच्या डोळ्यांच्या कडेला दोन सुरकुत्या पडतात. (त्या घालवायच्या कॅप्सूल निघाल्या तर मी फॅक्टरी पेटवीन.)

फॅक्टरीत ती एकाच गोष्टीसाठी ओळखली जाते. कागदावर जे घडलं तेच लिहायचं. चुकलं तर एकच रेघ मारायची, तीही अशी की खालचं वाचता यावं. शेजारी सही, तारीख. पान फाडायचं नाही, पांढरं काही फासायचं नाही. पहिल्या दिवशी तिने हे समजावलं तेव्हा मला भरून आलं, कारण मी कॉलेज सोडलं ते कशापायी? थर्ड इयरला अख्ख्या वर्गात मी एकट्याने प्रयोग खरोखर केला, म्हणून माझंच उत्तर चुकलं. विभागप्रमुख म्हणाले, मागच्या वर्षीच्या जर्नलमधला बरोबर आकडा टाक. मी जर्नलच खिडकीबाहेर टाकलं. (ते अजून गुलमोहरावर आहे.) बाबा बिचारे माफी मागायला आले, तर मी त्यांच्यासमोर तपासायला ठेवलेली आणखी दोन टाकली. बाबा तेव्हापासून अबोल आहेत. हा राग मला आजोळहून आलेला आहे, हे स्वतःच्या लग्नात बँडवाल्याचा ढोल फोडणाऱ्या माणसाला मी काय सांगू?

तर मागच्या सोमवारी मी स्टिअरेट घातलं, बटण दाबलं आणि सहज खिडकीकडे पाहिलं. पलीकडे ईराला शिंक येत होती, पण येत नव्हती. ती मान वर करून थांबली, मीही थांबलो. शिंक गेली. मग तिने चष्मा पुसला. मग वहीत काही लिहिलं, खोडायला एकच रेघ मारली, त्या रेघेकडे समाधानाने पाहिलं. मग शिंक परत आली. एवढ्यात माझे सीनियर, धमतरीचे लोकेश भैया, आत शिरून ओरडले, "अरे बंद कर न रे! पौन घंटा होगे!"

दुपारी त्या बॅचच्या कॅप्सूल ईराच्या टेबलावर गेल्या. तिथे सहा काचेच्या नळ्यांत एकेक कॅप्सूल टाकून कोमट पाण्यात वर-खाली करतात. अर्ध्या तासात विरघळली की पोटातही विरघळेल असं धरतात. कवच विरघळलं. आतला माल मात्र कॅप्सूलच्याच आकारात ताठ उभा. एक तास झाला, दोन झाले, तो तसाच. (तारुण्य टिकवणारी गोळी जगात कोणी बनवली असेल तर ती मी, मामा. ती स्वतःच संपायला तयार नाही.) अख्खी बॅच नापास.

मग आला फॉर्म. आमच्याकडे चूक झाली की एक फॉर्म भरतात, त्यात एकाखाली एक पाच वेळा 'क्यों?' छापलेलं असतं. पहिल्याचं उत्तर दिलं की त्या उत्तराला दुसरा क्यों, म्हणजे मामींची चौकशी, फक्त छापील. आमचे मॅनेजर यज्ञेश्वर साहेब प्रेमाने म्हणाले, "लिख दे घड़ी बंद थी, बात ख़तम." पुन्हा तेच! पुन्हा मागच्या वर्षीचा आकडा! माझं डोकं फिरलं. मी पेन घेतलं आणि खरं तेच लिहिलं. मराठीत लिहिलं, म्हणजे साहेबांना कळणार नाही आणि ईराला कळेल. (मराठी-हिंदीची लिपी एकच असते हे नंतर ध्यानात आलं. लोकेश भैयांनी चहाच्या वेळी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.)

काहून जास्त फिरलं? बंद केलं नाही म्हणून. काहून बंद केलं नाही? घड्याळ पाहिलं नाही म्हणून. काहून पाहिलं नाही? खिडकीतून पाहत होतो म्हणून. काहून खिडकीतून? पलीकडे ईरा मॅडम होत्या म्हणून. पाचव्या काहूनपाशी मी अर्धा तास बसलो. शेवटी लिहिलं, 'हे मलेही समजून नाही राहिलं. पण काचेपलीकडे दुसरं कोणी असतं तर पाच मिनिटं पाचच मिनिटांत झाली असती.'

आता हे पान फाडता येत नाही. मालाची मुदत संपून वर एक वर्ष ते कपाटात राहणार, तपासायला सरकारी माणूस आला की त्याच्यापुढे उघडणार. आणि त्यावर तपासणाऱ्याची सही लागते. सही ईराची. दोन दिवस फॉर्म तिच्या टेबलावर होता. दोन दिवस लोकेश भैया येता-जाता मला "का रे, क्यों नंबर पाँच!" म्हणून हाक मारत होते. नोकरी गेली, पोट्टी तिच्याही आधी गेली, असं धरून मी लॉकरमधला गमछासुद्धा घरी नेला.

शुक्रवारी फॉर्म परत आला. 'उपाय' या रकान्यात साहेबांनी लिहिलं होतं: खिड़की पर सफ़ेद फ़िल्म लगाई जाए. त्याखाली ईराचं अक्षर. मराठीत, मामा! घरातल्या कोणाला विचार-विचारून लिहिल्यासारखं, दोन ठिकाणी एकेक रेघ मारलेलं. 'ऑपरेटरने अर्धवट सोडलेली बी.फार्म. पूर्ण करावी.' शेवटचा रकाना असतो, उपाय लागू पडला का हे कधी तपासणार. तिथे लिहिलं होतं, 'पास झाल्यावर. मी स्वतः.' खाली सही, तारीख.

तर असं आहे. या कारणांमुळे डब्या पाठवता येत नाहीत. मामींना नमस्कार, गुडघ्याला तेल, रिमोटला नव्या बॅटऱ्या.

तुमचा, काचेअलीकडचा,
भार्गव

ता. क. वर 'दुसरं काही कारण नाही' असं लिहिलंय, त्यावर मी एक रेघ मारली आहे, वाचता येईल अशी. सही केली आहे. कॉलेजात परत घ्या म्हणून अर्ज केला, तर येत्या सोमवारी अकरा वाजता विभागप्रमुखांनी पालकाला बोलावलंय. माझा पाल्य पुन्हा रागावणार नाही, असं पालकाने लिहून द्यायचं आहे. बाबा त्या कॉलेजच्या फाटकात पाय ठेवणार नाहीत. तुम्ही या. फक्त त्या मक्याच्या पुडीसारखं बसायचं: जागा भरायची, बोलायचं नाही. ते काहीही बोलले तरी ढोल आठवायचा.

ता. क. २. आलात तर सहा डब्या देतो, हिरव्या ठिपक्याच्या. गुण येतो का ते मला विचारू नका, खरं सांगावं लागेल.

ता. क. ३. फिल्म ईराच्या बाजूने लावली आहे. आज सकाळी खालचा एक कोपरा सुटलेला दिसला, जेमतेम एका डोळ्यापुरता. माझा हात तिकडे पोचत नाही. मामा, रविवारचीच गाडी धरा.