पाचवीच्या आधी

९ जून, नांदेड
नोंद घेण्यात यावी, की आज माझ्यावर घोर अन्याय झाला. दवाखान्यासमोरच्या टपरीवर चुरमुऱ्यांची सुशिला मागितली. कोरडे पोहे पुढ्यात आले. दाद कुणाकडे मागावी?
आत दवाखान्यात भाची. तनू, वय नऊ. लिव्हरमध्ये लिंबाएवढी गाठ. माझी धाकटी बहीण सुनंदा अन् दाजी काल लातूरहून तिला घेऊन आले.

१० जून
रक्तात हिपॅटायटिस बी. मला पहिल्यापासून दाजींच्या घराचा संशय. त्यांच्याकडचा सोनार एकाच तारेनं अख्ख्या गल्लीचे कान टोचतो. बोलून दाखवलं. दाजी भडकले, "तुमच्या चाकूरला काय गंगाजलानं टोचतेत का?"
सगळ्यांचं रक्त घेतलं.

१२ जून
विषाणू सुनंदाच्याच रक्तात निघाला. तिला कधी साधी कावीळ नाही. बाळंतपणात लेकराकडे गेला म्हणे. तिची सासू लगेच, "कुठून आणलीस गं ही पीडा?"
डॉ.ना विचारलं, नऊ वर्षं हा करत काय होता? "पेशीच्या डीएनएत स्वतःचा तुकडा घुसवतो. नको त्या जागी घुसला, की पेशीला वाढ थांबवायचं कळत नाही." म्हणजे सातबाऱ्यावर परक्याचं नाव चढावं तसं. हिच्या गाठीत तेच झालं? "बहुधा. गाठीचा तुकडा तपासायला पाठवलाय." बहुधा! या शब्दावर माझा कधीच विश्वास नव्हता.
जाताजाता त्यांनी विचारलं, जन्मल्यावर चोवीस तासांत लस दिली होती?
सुनंदा, "आठवत न्हाई."
मला आठवतंय.

१३ जून
तनू चाकूरला, आमच्या घरीच झाली. गाडी यायच्या आत. सकाळी सिस्टर लस घेऊन दारात. उंबऱ्यावर मी. "पाचवी पुजू द्या, सटवाईला लिहू द्या, मग टोचा." ती म्हणाली, "दादा, आजच द्यावं लागतं." हसत परत पाठवली. पेपरात अंधश्रद्धेवर खुसखुशीत लिहिणारा मी! पुढच्या लसी झाल्या. पहिली गेली ती...
सटवाई आली असेल पाचव्या दिवशी. तोवर दुसरंच कुणी लिहून गेलं होतं.
डॉ.ना एकटा भेटलो. वेळेत दिली असती तर? "बहुतेक लेकरं वाचतात."

१५ जून
जिन्यात दाजींना गाठलं. "सोनारावर आळ घेतला, माझं चुकलंच. लसवाल्या सिस्टरला मीच परत पाठवलं होतं."
दाजींनी कठडा धरला. मग, "आई सुनंदाला रोज बोलून राहिली, अन् तुम्ही ऐकून राहिले?"
वर गेलो. सासूबाई डबा उघडत होत्या. सगळ्यांसमोर सांगितलं. सुनंदानं मान वर केली नाही.
तनूनं विचारलं, "मामा, ती सिस्टर माझ्यासाठी आली होती?"
"हाव."
"मग?"
तिलाही सांगितलं, तिला कळेल असं. गाठीचा रिपोर्ट अजून यायचाय.